घरात हरवलेला सरपटणारा प्राणी : शोधाची रीत आणि सावधगिरी

गाय, बैल, कुत्रे, मांजर आणि पिंजऱ्यातील पोपट एवढ्यावर आपल्याकडील पाळीव प्राण्यांची गणती एके काळी संपत असे. (पोपट पाळणे कायद्याने वर्ज्य आहे, ही गोष्ट अद्याप अनेकांच्या गावी नाही.) अलीकडे या यादीत आफ्रिकेतील बॉल पायथन, उत्तर अमेरिकेतील कॉर्न स्नेक व लाल कानांचे कासव, मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना, तसेच लेपर्ड गेको नावाचा पालीच्या जातीचा प्राणी यांची भर पडली आहे. हौस म्हणून आणलेला हा प्राणी काचपेटीत किंवा जाळीच्या पेटीत ठेवला जातो. एखाद्या रात्री झाकण नीट बसलेले नसते, आणि सकाळी पेटी रिकामी आढळते.

हरवलेले कुत्रे हाकेला ओ देते. मांजर भुकेच्या वेळी आपणहून दारात येऊन बसते. सरपटणारा प्राणी यांपैकी काहीच करीत नाही. त्याला नाव ठाऊक नसते, घराची ओढ नसते आणि भुकेचीही घाई नसते. तो आवाज करीत नाही आणि एकाच जागी दिवसेंदिवस निश्चल पडून राहू शकतो. त्यामुळे घरातील माणसे पहिल्या तासात घाबरून सगळे घर उलथेपालथे करतात, दुसऱ्या दिवशी निराश होतात आणि तिसऱ्या दिवशी ‘बाहेर गेला असेल’ असे म्हणून शोध सोडून देतात. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पेटीतून निसटलेला प्राणी बहुधा घरातच असतो, आणि तोही पेटीपासून फार दूर नसतो. मात्र ज्या अंधाऱ्या सांदीकोपऱ्यात तो दडतो, त्याच कोपऱ्यात गोव्यासारख्या प्रदेशात आपल्या मातीतील विषारी सापही येऊन बसतो. शोध घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवावयास हव्यात.

उबेची गरज आणि लपण्याची ओढ

सरपटणाऱ्या प्राण्यांना शीतरक्ताचे प्राणी म्हणतात. या शब्दाने थोडी दिशाभूल होते, कारण त्यांचे रक्त नेहमी थंड असते असे नाही. पशू आणि पक्षी अन्न जाळून शरीरात ऊब निर्माण करतात. साप, सरडे आणि कासवे ती ऊब उन्हाकडून, तापलेल्या दगडाकडून किंवा जमिनीकडून उसनी घेतात. शरीर तापविण्यासाठी अन्न जाळावे लागत नसल्याने त्यांना अन्नही थोडे पुरते. पूर्ण वाढलेला बॉल पायथन आठवड्या-पंधरवड्यात एक उंदीर खाऊन तृप्त असतो आणि प्रसंगी काही महिनेदेखील उपाशी राहू शकतो. तेव्हा भुकेने व्याकूळ होऊन तो चार दिवसांत बाहेर येईल, ही अपेक्षा व्यर्थ होय. त्याच्या हालचाली तीन गोष्टींवर ठरतात : योग्य ऊब, अंगाला चहूबाजूंनी टेकणारी अंधारी जागा, आणि पाणी.

यांपैकी दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बॉल पायथन आपल्या मूळ प्रदेशात, म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेत, दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून असतो. पाठीला आणि कुशीला काहीतरी टेकले की तो निर्धास्त होतो. त्यामुळे मोकळ्या खोलीत तो मधून चालत नाही. भिंतीच्या कडेकडेने सरकतो आणि जी पहिली अरुंद, काळोखी फट मिळेल तीत शिरतो. डोके ज्या फटीतून जाईल त्या फटीतून बहुतेक सारे शरीर जाते. लहान पिलाला हाताच्या अंगठ्याएवढी फट पुरे होते. कपाटाखालील जागा, खणामागची पोकळी, सोफ्याच्या तळाला लावलेल्या कापडाची उसवलेली शिवण, घडी घालून ठेवलेली अंथरुणे, बुटाचा चवडा, पुस्तकांच्या रांगेमागील अंतर या त्याच्या दृष्टीने उत्तम जागा होत. अनेकदा तर तो ज्या पेटीतून निसटला त्याच पेटीच्या बुडाखाली सापडतो. तेथे कोणी पाहिलेलेच नसते.

उबेचा विचार ऋतूप्रमाणे बदलावा लागतो. ग्वाल्हेर किंवा इंदूरकडे जानेवारीतील रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो. अशा वेळी निसटलेला साप शीतकपाटाच्या मागील यंत्राजवळ, इन्व्हर्टरच्या पेटीजवळ किंवा दूरचित्रवाणी संचाच्या मागे ऊब शोधतो. गोव्यात थंडीचा असा कडाका नसतो. येथे एप्रिल-मे महिन्यांत उलटाच प्रकार होतो, आणि प्राणी गारव्याकडे वळतो. न्हाणीघराची ओली फरशी, पाण्याच्या माठाखालची जागा, मोरीचा कोपरा येथे प्रथम पाहावे. कात टाकण्याच्या सुमारास सापाला ओलाव्याची विशेष गरज असते. त्या दिवसांत त्याचे डोळे दुधाळ दिसतात. पेटीतून निसटण्यापूर्वी तसे दिसले असल्यास न्हाणीघरावरच लक्ष केंद्रित करावे. जुन्या घरांतून न्हाणीतील भाणाखालच्या चुलीत रात्रभर राख कोमट राहते. सकाळी तीत लाकडे सारण्यापूर्वी चूल उजेड धरून पाहिली पाहिजे.

सर्वच प्राणी जमिनीलगत राहतात असे मात्र नव्हे. इग्वाना झाडावरचा प्राणी आहे. तो निसटला की वर चढतो. पडद्याचा दांडा, कपाटाचा माथा, माळ्याचे वासे आणि सकाळचे ऊन येणारी खिडकी या त्याच्या जागा होत. तो दिवसा वावरतो, म्हणून त्याचा शोध दिवसाच घ्यावा. लेपर्ड गेको दिसायला पालीसारखा असला तरी भिंतीवर चढू शकत नाही, कारण पालीच्या बोटांना असतात तशा चिकटून राहणाऱ्या गाद्या त्याच्या बोटांना नसतात. शिवाय त्याला पापण्या असतात आणि घरातल्या पालीला त्या नसतात. एवढी खूण लक्षात ठेवली तर नोकरचाकराच्या केरसुणीपासून त्याचा जीव वाचेल. जमिनीवरचे कासव भिंतीलगत चालत कोपऱ्यात पोचते, तेथेच डोके खुपसून ढकलत राहते आणि शेवटी दगडासारखे पडून राहते. पलंगाखालचे सामान, दारामागचा केर आणि चपलांचा ढीग हलविल्याशिवाय ते नजरेस पडत नाही. पाण्यातले कासव कोरड्या जागी फार काळ टिकत नाही. ते ओल शोधते आणि मोरीच्या वाटेने परसात जाण्याचा धोका त्याच्याच बाबतीत सर्वांत अधिक असतो.

पहिला अर्धा तास

पेटी रिकामी दिसताच शोधाला लागू नये. आधी वाटा बंद कराव्यात. ज्या खोलीत पेटी आहे त्या खोलीचे दार लावून खालच्या फटीत ओला न केलेला जाड टॉवेल किंवा गोणपाट घट्ट सारावा. खिडक्या लावाव्यात. मोरीच्या व न्हाणीच्या तोंडावर जाळी किंवा जड दगड ठेवावा. शौचकूपाचे झाकण पाडावे. कुत्री-मांजरे बांधावीत अथवा घराबाहेर ठेवावीत. छताचा पंखा, कपडे धुण्याचे यंत्र, भट्टी आणि चूल आतून पाहिल्याखेरीज चालू करू नये. पाणी तापविण्याची घाई, कपडे धुण्याची घाई यांमुळे प्राणी मरतो आणि घरातल्यांना तो कुजल्यावरच सापडतो.

त्यानंतर घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांना आणि कामाला येणाऱ्या बाईलाही, काय हरवले आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. लांबी, रंग आणि अंगावरची नक्षी सांगावी. मालकाजवळ प्राण्याचे स्वच्छ छायाचित्र असावयास हवे. ते अनेकांजवळ नसते, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

प्रत्यक्ष शोध पेटीपासून सुरू करून भिंतीच्या कडेने एका दिशेने न्यावा. पाहून झालेली वस्तू खोलीच्या मध्यभागी आणून ठेवावी, म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा पाहिली जात नाही. खण केवळ उघडून भागत नाही. तो पूर्ण बाहेर काढून मागची पोकळी विजेरीने पाहावी. जड कपाट ओढताना मागे किंवा खाली प्राणी चेंगरतो, म्हणून आधी खाली उजेड पाडून पाहावे आणि मगच दोघांनी मिळून ते अलगद उचलावे. आंधळेपणाने हात कोठेही घालू नये. हातात काठी आणि विजेरी असावी, पायात जाड बूट असावेत. हा नियम केवळ प्राण्याच्या बचावासाठी नाही. त्याचे खरे कारण पुढे येईल.

हाका मारणे, थाळ्या बडविणे, धूर करणे यांचा उपयोग नसतो. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपने त्याला जबड्याच्या हाडांतून कळतात. आदळआपट झाली की तो अधिक खोल फटीत शिरतो. धुराने तर तो न्हाणीच्या नळातून थेट बाहेर जाण्याचाच संभव असतो.

रात्रीचा शोध आणि तांदळाची पिठी

दिवसा काही हाती लागले नाही तर रात्रीची वाट पाहावी. बॉल पायथन, कॉर्न स्नेक आणि लेपर्ड गेको यांची हालचाल मुख्यत्वे तिन्हीसांजेनंतर होते. निजण्यापूर्वी प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर आणि भिंतींच्या कडेने तांदळाच्या बारीक पिठीची हातभर रुंद पट्टी चाळणीने पसरावी. सकाळी ती वाचावी. साप गेला असेल तर पिठीवर पुसटशी नागमोडी किंवा सरळ घसरण उमटते. सरड्याच्या जातीचा प्राणी असेल तर दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ दिसते. कासवाचे ठसे वाटोळे, आखूड आणि जवळजवळ असतात. उंदरांची पावले आणि मुंग्यांच्या रांगाही याच पिठीवर उमटतात, त्यामुळे पहिल्या सकाळी थोडा गोंधळ होतो, पण दुसऱ्या दिवशी डोळा सरावतो. महत्त्वाचे म्हणजे कोणत्या खोलीत हालचाल आहे आणि कोणत्या खोलीत नाही, हे कळते. शोधाचे क्षेत्र चार खोल्यांवरून एका खोलीवर आले की निम्मे काम झाले.

पिठीच्या जोडीला जुन्या वर्तमानपत्रांचे चुरगाळलेले कागद भिंतीच्या कडेने पसरावेत. साप त्यांखालून सरकला की सळसळ ऐकू येते. दिवे मालवून एकाने खोलीत शांत बसावे आणि आवाज आला की विजेरी लावावी. हे काम कंटाळवाणे आहे, आणि घरातील धीराच्या माणसानेच ते अंगावर घ्यावे.

ज्या खोलीवर संशय आहे तेथे प्राण्याला हवी तशी जागा आपणच करून देणे हा आणखी एक चांगला उपाय आहे. मातीचे मडके आडवे ठेवून त्यात ओलसर फडके घालावे, शेजारी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवावी आणि उथळ थाळीत पाणी ठेवावे. मूळची पेटीही जमिनीवर उघडी ठेवावी. अन्नावाचून प्राणी तग धरतो, पाण्यावाचून धरत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी तो पाण्याच्या थाळीजवळ दिसण्याचा संभव बराच असतो. उंदीर पकडण्याचा चिकट पुठ्ठा मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नये. त्यावर अडकलेल्या सापाची कातडी ओढाताणीत सोलून निघते. चुकून अडकलाच तर न ओढता गोडे तेल थोडे थोडे सोडून त्याला मोकळे करावे.

दोन आठवडे म्हणजे या शोधात फार काळ नव्हे. महिना-दीड महिन्यानंतर प्राणी सुखरूप सापडल्याची उदाहरणे आहेत.

समोर दिसला तो साप कोणता?

आता हाती काठी का असावी, याचे कारण. कौलारू घर, जांभ्याचा गडगा, परसात रचलेली लाकडे, नारळाच्या सोडणांचा ढीग, भाताची कणगी आणि तिच्याकडे येणारे उंदीर, अशी रचना असलेल्या घरात देशी साप शिरणे हा नित्याचा प्रकार आहे. गोव्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. घरात पाळीव साप हरवला आहे हे सर्वांना ठाऊक असते. अशा वेळी पलंगाखाली वेटोळे दिसले की ‘सापडला!’ असे म्हणून हात पुढे होतो. धोका नेमका येथे आहे.

बॉल पायथन आणि घोणस यांच्यात अंधुक उजेडात गल्लत होऊ शकते. दोघांचे शरीर जाड व आखूड, दोघांच्या अंगावर तपकिरी नक्षी, दोघेही वेटोळे करून निश्चल बसणारे. घोणशीच्या पाठीवर काळसर किनारीच्या लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा असतात, डोके त्रिकोणी असते आणि डिवचल्यास ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार करते. बॉल पायथनच्या गडद अंगावर फिकट तपकिरी रंगाचे अनियमित पट्टे व डाग असतात, आणि घाबरला की तो डोके मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करतो. त्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. अजगराचे पिलू समजून घोणस उचलल्याच्या घटना आपल्याकडे जुन्याच आहेत. पाळीव अजगराच्या बातमीने त्यात भर पडू नये.

मण्यारीची गोष्ट अधिक कठीण. काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसू लागतात. घरोघरी आढळणारा निरुपद्रवी कवड्या साप तिच्यासारखाच दिसतो. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक असून शेपटीकडे विरळ होतात. मण्यारीचे पट्टे मानेमागे काही अंतरावर सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक राहतात. शाळांमधून चित्रांच्या आधारे हा फरक शिकवावा. परंतु तो फरक पाहण्यासाठी कोणीही सापाजवळ वाकू नये.

नियम सोपा आहे. सहा-सात फुटांवरून, भरपूर उजेडात, छायाचित्राशी ताडून मालकाची पूर्ण खात्री पटली तरच त्याने, आणि त्यानेच, प्राणी उचलावा. रंग वेगळा दिसतो म्हणून पाळीव, शांत बसला आहे म्हणून पाळीव, पेटीजवळ आहे म्हणून पाळीव, हे सारे तर्क लंगडे आहेत. तिळमात्र शंका असल्यास खोलीबाहेर यावे, दाराची फट बुजवावी आणि वनखात्याच्या नजीकच्या कार्यालयाला किंवा खात्याच्या मान्यतेने काम करणाऱ्या सर्पमित्राला बोलवावे.

दंश झालाच तर माणसाला निजवून हालचाल थांबवावी, अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात न्यावे. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला आहे. त्यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले आहेत. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

लपवाछपवीचा धोका

प्राणी हरवला की अनेक कुटुंबे गप्प बसतात. शेजारी ओरडतील, घरमालक घर सोडायला सांगेल, पोलीस येतील अशी भीती त्यांना वाटते. ही भीती समजण्याजोगी आहे, पण तिचा परिणाम वाईट होतो. शेजारच्या घरी अकस्मात साप निघतो, लोक काठ्या घेऊन धावतात, बिनविषारी प्राणी मारला जातो किंवा मारण्याच्या धांदलीत कोणी पडून जखमी होतो. शेजाऱ्यांना आधी कळले असते तर त्यांनीही दाराच्या फटी बुजविल्या असत्या आणि दिसताच निरोप पाठविला असता.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या देशातील अजगर, नाग, घोरपड, चांदणी कासव आदी प्राणी घरात ठेवणे हा गुन्हा आहे. चांदणी कासवाने घरात लक्ष्मी येते या समजुतीपायी ते आजही पुष्कळ ठिकाणी पलंगाखाली ठेवलेले आढळते. हे कासव मूळचे कोरड्या मुलखातले, गोव्याच्या पावसाळी दमट हवेत ते नैसर्गिकरीत्या राहत नाही. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. असे कासव घरात असल्यास ते वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग आहे. परसात किंवा देवळाच्या तळीत सोडणे हा मार्ग नव्हे.

परदेशी प्राण्यांविषयी या अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील ज्या परदेशी प्राण्यांचा अधिनियमाच्या अनुसूचीत समावेश आहे, त्यांची नोंदणी मालकाने केली पाहिजे. तिचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले असून नोंदणी परिवेश या शासकीय संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावयाची असते. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना हे दोन्ही या करारातील प्राणी आहेत. नोंदलेला प्राणी निसटला तर तेच छायाचित्र, तेच माप आणि तोच नोंदणी क्रमांक शोधाच्या कामी येतो.

ज्या कर्मचाऱ्याकडे असा निरोप प्रथम येतो, मग तो पंचायतीचा सचिव असो, वनरक्षक असो वा पोलीस ठाण्यातील हवालदार, त्याने आरंभालाच दरडावणीची भाषा वापरू नये. जात, लांबी, रंग, निसटल्याची वेळ आणि घराचा नकाशा आधी टिपून घ्यावा, आजूबाजूच्या घरांना सावध करावे. कागदपत्रांची चौकशी प्राणी सापडल्यानंतरही होऊ शकते. गप्प बसण्यापेक्षा कळविणे सोयीचे आहे, असा अनुभव लोकांना आला तरच ते पुढच्या वेळी कळवतील.

कंटाळा आला म्हणून प्राणी मुद्दाम सोडून देणे आणि तो निसटणे, यांचा परिणाम निसर्गाच्या दृष्टीने सारखाच होतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हौशी लोकांच्या घरांतून सुटलेले व सोडलेले ब्रह्मदेशी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत वाढले, तेथे पिले देऊ लागले, आणि तेथील लहान पशूंची संख्या त्यांनी झपाट्याने घटविली. लाल कानांचे कासव जगातील अत्यंत उपद्रवी परकी प्राण्यांत गणले जाते. नाण्याएवढे असताना विकत घेतलेले हे कासव वीतभर वाढते, पाण्याला वास मारू लागतो, आणि मग कोणीतरी त्याला गावच्या तळ्यात किंवा विहिरीत ‘पुण्य’ म्हणून सोडतो. देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा ते बळकावते. घरात हरवलेले हे कासव परसातून तळ्याकडे गेल्याचा संशय असेल तर तसे वनखात्याला कळविलेच पाहिजे.

सापडल्यानंतर

सापडलेला प्राणी बहुधा गारठलेला, तहानलेला आणि धुळीने माखलेला असतो. साप उचलताना डोके धरू नये. दोन्ही हातांनी शरीराला दोन-तीन ठिकाणी आधार द्यावा. फटीत अडकला असेल तर शेपटीकडून ओढू नये, कारण पोटावरचे खवले उलटे अडकतात आणि बरगड्यांना इजा होते. फट रुंद करावी किंवा फळी उचकटावी. लेपर्ड गेकोची शेपटी धरली तर ती तुटून हातात राहते. इग्वाना शेपटीचा चाबकासारखा फटका मारतो आणि चावतोही. त्याच्यावर जाड टॉवेल टाकून मगच उचलावे. बिनविषारी प्राण्याचा चावा असला तरी जखम साबणाने धुऊन धनुर्वाताची लस घ्यावी.

प्राण्याला एकदम उन्हात किंवा दिव्याखाली ठेवू नये. खोलीच्या तपमानात आणून हळूहळू ऊब द्यावी. उथळ कोमट पाण्यात अर्धा तास ठेवले असता तो स्वतःच पाणी पितो. तोंडातून फेस येत असेल, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा अंगावर भाजल्याच्या खुणा असतील तर पशुवैद्यकाला दाखवावे. अन्नाची घाई करू नये, दोन-तीन दिवसांनी नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्यामुळे त्याला हाताळणाऱ्याने, विशेषतः मुलांनी, साबणाने हात धुवावेत. स्वयंपाकघरात तो फिरला असेल तर ओटा आणि भांडी गरम पाण्याने धुवावीत. भिंतीकडेची पिठीही झाडून टाकावी, नाहीतर तिच्यासाठी उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

पेटी पुन्हा वापरण्यापूर्वी ती रिकामी करून उलटसुलट पाहावी. सरकती काच असेल तर दोन काचांमधील अंतर मोजावे. बहुतेक साप तेथूनच निसटतात. झाकणावर वीट किंवा पुस्तक ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. चार फुटी अजगर ते सहज ढकलतो. दोन्ही बाजूंना कडी आणि एका कडीला कुलूप लावावे. जाळीची प्रत्येक कड बोटाने दाबून पाहावी. तारा जाण्यासाठी ठेवलेले भोक अंगठ्यापेक्षा मोठे असेल तर ते जाळीने बुजवावे. सापडलेल्या दिवशी प्राण्याचे वजन व लांबी मोजून तारखेसह वहीत लिहावी, आणि नवे छायाचित्र काढून ठेवावे.